पाण्यात उतरलेली घड्याळे

आमच्या वडिलांचे एक मनगटी घड्याळ होते. स्विस बनावटीचे, पोलादी डबीचे, आणि पाठीवर इंग्रजीत 'वॉटरप्रूफ' हा शब्द कोरलेले. आमचा जन्म झाला त्या वर्षी, म्हणजे १९५९ मध्ये, मुंबईस एका लग्नाला गेले असता त्यांनी ते घेतले होते. बडोद्यास परतल्यावर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला घड्याळ उलटे करून तो शब्द दाखवीत. पुढे सेवानिवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी ते काढून आमच्या हाती ठेवले, आणि आम्हीही तो शब्द त्यांच्याइतक्याच श्रद्धेने वागविला.

२००५ च्या पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला. आम्ही तेव्हा मदतकार्यावर होतो. कमरेइतक्या पाण्यातून अन्नाची पाकिटे पोहोचविताना हात कितीदा पाण्यात बुडाला याची गणती नव्हती. घड्याळाची काळजी मात्र क्षणभरही वाटली नाही. दुसऱ्या दिवशी काचेच्या आत धुके धरले. तिसऱ्या दिवशी काटे थांबले. घड्याळजीने डबी उघडली, चिमट्याने एक काळी, तडकलेली रबरी कडी काढून कागदावर ठेवली आणि तो गुजरातीत म्हणाला, "साहेब, घड्याळाने दगा दिलेला नाही. ही कडी एवढ्या वर्षांत कोणी बदललीच नाही." यंत्राला गंज चढला होता आणि सुटे भाग मिळण्याजोगे नव्हते. वडील त्या वेळी हयात नव्हते, एवढेच समाधान.

त्या काळ्या कडीने आम्हांला एका शोधाला लावले. घड्याळ पाण्याला तोंड देते म्हणजे नेमके काय करते? आणि हे कसब माणसाला केव्हा व कोणत्या गरजेतून साधले? निवृत्तीनंतर सवड मिळाल्यावर आम्ही या विषयाचा पाठपुरावा केला, आणि त्या नादात आमच्या ऐपतीतले एक जुने पाणबुडी घड्याळही घेतले. त्या घड्याळांची आणि त्या खरेदीची हकिगत येथे सांगावयाची आहे.

घड्याळाचा खरा शत्रू काळ नव्हे, दमटपणा. डबीला पाणी शिरण्याच्या वाटा तीनच: काचेची कड, पाठीचे झाकण आणि किल्लीचे भोक. यांपैकी तिसरी सर्वांत अवघड, कारण किल्ली रोज फिरवावी लागते. फिरणाऱ्या दांड्याभोवती पाणी अडविणे म्हणजे रोज उघडणाऱ्या दाराला कायमचे कुलूप लावणे. त्यातून पाण्यात दर दहा मीटर खोलीला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढत जातो. हाताला पावसाचे पाणी लागणे वेगळे आणि शंभर मीटरचा दाब सोसणे वेगळे.

हान्स विल्सडोर्फ यांच्या रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये 'ऑयस्टर' ही डबी बाजारात आणली. ऑयस्टर म्हणजे कालव. झाकण आटे पाडून घट्ट बसविलेले, आणि किल्लीही आट्यांनी आवळता येणारी. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्रज तरुणीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. पण तिच्या पराक्रमावर शंका घेतली गेल्याने तिने त्याच महिन्यात पुन्हा प्रयत्न केला, आणि त्या वेळी तिच्या गळ्यात हे घड्याळ बांधलेले होते. पाणी इतके थंड होते की दहा तासांहून अधिक काळ झुंजल्यावर तिला बाहेर काढावे लागले. दुसरी फेरी अपुरी राहिली. घड्याळ मात्र चालू होते. नोव्हेंबरमध्ये विल्सडोर्फ यांनी 'डेली मेल'चे पहिले पान विकत घेऊन ही वार्ता जगजाहीर केली. ग्लाइट्झचे धैर्य आणि विल्सडोर्फ यांचे व्यापारी चातुर्य यांतले श्रेष्ठ कोणते, हे वाचकांनी ठरवावे. ओमेगा कंपनीने १९३२ मध्ये 'मरीन' या घड्याळात दुसरी वाट चोखाळली: एका डबीत दुसरी डबी सरकवून बसवावयाची, म्हणजे किल्ली आतच राहावी.

युद्धाने या कसबाला वेग दिला. फ्लॉरेन्सच्या पानेराई या पेढीने इटालियन आरमाराच्या पाणबुड्यांसाठी मोठ्या तबकडीची, अंधारात चमकणारी घड्याळे तयार केली. त्यांच्या प्रारंभीच्या डब्या व यंत्रे रोलेक्सकडून आली होती. चमक येई ती रेडियममुळे. या आरमाराच्या पाणबुड्यांनी डिसेंबर १९४१ मध्ये अलेक्झांड्रिया बंदरात शिरून ब्रिटिशांच्या दोन युद्धनौका निकामी केल्या.

परंतु सामान्य माणसाला समुद्राचा तळ दिसला तो १९४३ नंतर. त्या वर्षी फ्रेंच आरमारातील अधिकारी झाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी 'ॲक्वालंग' सिद्ध केले. पाठीवरच्या नळकांड्यातील हवा श्वासागणिक, आणि भोवतालच्या दाबाला जुळेल अशी, पुरविणारे हे साधन. पूर्वीचा पाणबुडी जहाजाला नळीने बांधलेला असे, आणि त्याची वेळ वरची माणसे मोजीत. आता तो मोकळा झाला, आणि वेळ मोजण्याची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या मनगटावर आली. नळकांड्यात हवा किती मिनिटांची, हे चुकले तर गुदमरण्याचे भय. आणि खोलवर जास्त वेळ राहून झपाट्याने वर आले तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे आखडतात, प्रसंगी प्राणही जातो. पाणबुडी घड्याळ जन्मले ते या गरजेतून. त्यात शोभेचा अंश नव्हता.

झां-झाक फिश्टर हे ब्लांपां या स्विस कंपनीचे प्रमुख स्वतः हौशी पाणबुडे होते, आणि एकदा पाण्याखाली वेळेचे भान सुटून त्यांची हवा संपली होती. त्याच सुमारास फ्रेंच आरमाराच्या पाणबुडी पथकाचे रोबेर मालूबिए आणि क्लोद रिफो हे अधिकारी योग्य घड्याळाच्या शोधात होते. या गाठीभेटीतून १९५३ मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' आले. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. काळी तबकडी, ठळक चमकते आकडे, आणि काचेभोवती फिरते कडे. रोलेक्सची 'सबमरीनर' आणि झोडिॲकची 'सी वुल्फ' ही घड्याळेही याच वेळची.

हे फिरते कडे म्हणजे साधेपणाचा उत्तम नमुना होय. पाण्यात उतरताना कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवावयाचा. पुढे मिनिटकाटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर असेल तितकी मिनिटे गेली. वजाबाकी नको, आठवण ठेवणे नको. खोल पाण्यात बुद्धी मंदावते, तेव्हा ज्याला विचार करावा लागत नाही असेच साधन विश्वासाचे. कडे चुकून धक्का लागून फिरू नये याचीही योजना करण्यात आली. आणि पुढील काळात ते एकाच दिशेने फिरेल असे करण्यात आले. म्हणजे चुकून फिरलेच, तरी गेलेला वेळ प्रत्यक्षाहून अधिक दिसावा, कमी दिसू नये. चूक व्हायचीच असेल तर ती जीव वाचविणाऱ्या बाजूला व्हावी, हा विचार आम्हांला फार आवडला. सरकारी नियमावलीतही तो अधिक असता तर बरे झाले असते.

आणि ती आमची काळी कडी? तिचाही एक जनक आहे. नील्स क्रिस्टेन्सेन हे डेन्मार्कमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेले यंत्रज्ञ. वयाची सत्तरी ओलांडल्यावर, १९३७ मध्ये, त्यांनी खाचेत बसविलेल्या गोल छेदाच्या रबरी कडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. दाब वाढला की ही कडी खाचेत एका बाजूला दबून अधिकच घट्ट बसते. शत्रूचे बळ हेच तिचे बळ. महायुद्धात विमानांच्या यंत्रणेत ती सर्रास वापरली गेली आणि तेथून घड्याळांत आली. आज ओ-रिंग या नावाने ती नळापासून प्रेशराइज्ड यंत्रांपर्यंत सर्वत्र आहे. मात्र रबर म्हातारे होते. पोलाद शंभर वर्षे टिकेल, कडी काही वर्षांत ताठरते. वडिलांच्या घड्याळावरचा शब्द खोटा नव्हता. त्याची मुदत संपली होती. पुढे आंतरराष्ट्रीय मानकांनी 'वॉटरप्रूफ' हा शब्दच वर्ज्य ठरवून 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे जलरोधक हा सौम्य शब्द रूढ केला, तो यासाठीच.

येथवरची कथा श्रीमंत नावांची झाली. आमच्यासारख्यांना रस आहे तो या साधनाच्या दुसऱ्या शाखेत, जी बेताच्या किमतीत सामान्य माणसापर्यंत पोहोचली. स्वित्झर्लंडमध्येच एर्विन पिकरे यांचा डब्या बनविणारा कारखाना होता. त्यांच्या 'सुपर कॉम्प्रेसर' डबीत दाब वाढेल तसे झाकण अधिक आवळले जाई. दोन किल्ल्या असत, त्यांतील एकीने काचेच्या आतले कडे फिरे. ही डबी अनेक लहानमोठ्या कंपन्यांनी आपापल्या नावाने विकली. म्हणून त्या काळच्या एखाद्या अपरिचित नावाच्या घड्याळातही उत्तम कसब सापडते.

फेव्हर ल्यूबा हे नाव तर आपल्या पिढीला घरातले वाटावे. १७३७ पर्यंत आपली परंपरा मागे नेणाऱ्या या स्विस घराण्याने एकोणिसाव्या शतकातच मुंबईशी व्यापार जोडला, आणि विसाव्या शतकात 'सी किंग', 'सी चीफ' ही त्यांची घड्याळे मुलाखतीच्या कपड्यांइतकीच नोकरदाराला आवश्यक वाटत. नावात समुद्र असला तरी ती सर्व समुद्रात उतरण्यासाठी नव्हती. परंतु याच कंपनीने १९६८ मध्ये 'बॅथी' हे घड्याळ काढले, ज्यात वेळेबरोबर पाण्याची खोलीही काट्याने दिसे. डबीच्या एका कप्प्यात पाणी मुद्दाम शिरू दिले जाई. ते एका पातळ पडद्यावर दाब देई, आणि त्या दाबाने काटा हले. पाणी अडविण्यासाठी जन्मभर झटलेल्या कारागिरांनी शेवटी पाण्यालाच आत बोलावून कामाला लावले! ही कंपनी पुढे बिकट काळातून गेली. २०११ मध्ये टाटांच्या टायटनने ती घेतली, आणि २०२३ मध्ये तिची मालकी इथॉस या भारतीय कंपनीकडे गेली.

सोव्हिएत रशियाची कथा वेगळी. महायुद्धात जर्मन सैन्य मॉस्कोच्या रोखाने येत असताना तेथील एक घड्याळ कारखाना कामा नदीकाठच्या चिस्तोपोल या गावी हलविण्यात आला. त्यातून 'वोस्तोक' उभा राहिला. तेथे मिखाईल नोविकोव्ह आणि वेरा बेलोवा यांनी १९६७ मध्ये दोनशे मीटरचे 'अँफिबिया' सिद्ध केले. पाश्चात्त्य कंपन्यांची पेटंटे वापरणे शक्य नाही, अतिसूक्ष्म मापांची महागडी यंत्रे नाहीत. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला. झाकण फिरवून आवळले की रबर पिळवटते, म्हणून झाकण स्थिर ठेवून त्यावर वेगळी आट्यांची कडी बसविली. काच जाड प्लास्टिकची घेतली; दाबाने ती किंचित वाकते आणि डबीच्या कडेला अधिक घट्ट भिडते. त्यामुळे खोल गेल्यावर हे घड्याळ अधिक जलरोधक होते. किल्ली ओढली की ती सैल, डुगडुगती लागते. अजाण गिऱ्हाईक त्यास दोष समजते, पण दांड्यावर ताण येऊ नये म्हणून ती तशीच केलेली आहे. गरिबीतून निघालेली ही युक्ती आम्हांला कोणत्याही सुवर्णजडित घड्याळाहून मोठी वाटते.

जपानचे पहिले पाणबुडी घड्याळ सेको कंपनीने १९६५ मध्ये काढले. ते दीडशे मीटरचे होते आणि जपानच्या अंटार्क्टिका मोहिमेतील मंडळींनी वापरले. १९६८ मध्ये हिरोशिमाजवळच्या कुरे येथील एका व्यावसायिक पाणबुड्याने कंपनीला तक्रारीचे पत्र लिहिले, की साडेतीनशे मीटर खोलीच्या कामात कोणतेच घड्याळ टिकत नाही. तेथे पाणबुडे हीलियममिश्रित हवेत राहतात. तो अतिसूक्ष्म वायू डबीत शिरतो आणि वर येताना काच उडवितो. रोलेक्स व डोक्सा यांनी तो वायू बाहेर सोडणारी झडप बसविली होती. सेकोचे अभियंते इकुओ तोकुनागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात वर्षे खपून वायू आत शिरूच नये अशी डबी केली, आणि १९७५ मध्ये टायटॅनियमचे सहाशे मीटरचे घड्याळ आले. एका तक्रार अर्जाचा इतका मनापासून निपटारा झालेला आम्ही आमच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.

त्याच कंपनीने १९७६ पासून सुमारे १९८८ पर्यंत ६३०९ क्रमांकाच्या यंत्राचे दीडशे मीटरचे घड्याळ बनविले. सतरा खड्यांचे, आपोआप किल्ली बसणारे, वार-तारीख दाखविणारे, उशीसारख्या गुबगुबीत डबीचे. ते कोळ्यांनी, खलाशांनी, तेलविहिरींवरच्या कामगारांनी वापरले. आपल्याकडे तेव्हा परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरात १९६१ मध्ये सुरू झालेला एच.एम.टी.चा घड्याळ विभाग, जो २०१६ मध्ये बंद करण्याचे ठरले, तो देशाची गरज भागवी. पण त्याच्या 'जनता' किंवा 'सोना'चा समुद्राशी संबंध नव्हता. जपानी घड्याळे येत ती आखातात नोकरीस गेलेल्यांच्या मनगटावरून, आणि थोडी चोरट्या वाटेनेही.

असेच एक घड्याळ आम्ही प्रथम पाहिले ते १९८५ मध्ये, ओखामंडळात. तो मुलूख एके काळी बडोदे संस्थानचा, म्हणून तेथील बदली आम्हांला परकी वाटली नव्हती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पथक डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रात बुडालेल्या अवशेषांचा शोध घेत होते. होडीच्या कडेवर बसलेल्या एका पाणबुड्याने मनगटावरचे जड कडे टकटक फिरविले, ते एकवार पाहिले, आणि तो पाठीवर उलटून दिसेनासा झाला. वर आल्यावर त्याने आधी घड्याळाकडे पाहिले, मग आमच्याकडे. तो क्षण आमच्या मनातून गेला नाही.

१९८०च्या दशकात पाणबुड्यांच्या हाती खोली-वेळेचे गणित स्वतः करणारी संगणकीय उपकरणे आली, आणि पाणबुडी घड्याळ गरजेचे उरले नाही. गरज संपली की वस्तूची हौस सुरू होते. म्हणूनच आज त्या जुन्या घड्याळांना भाव आहे, आणि भाव आला की खोटेपणाही येतो.

आमची पहिली खरेदी फसली. एका जुन्या बाजारात विक्रेत्याने नामांकित नावाचे 'पाणबुडी' घड्याळ दाखविले. तबकडी झगझगीत निळी, अक्षरे कोरी करकरीत. आम्ही भुललो. घड्याळजीने भिंग लावले आणि हसला. तबकडी नव्याने रंगविलेली, यंत्र दुसऱ्याच घड्याळाचे, आणि पाण्याला अडवील असे आत काहीच नाही. असली घड्याळे आपल्याकडे इतकी तयार होतात की परदेशी संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हे कळले तेव्हा पैशांपेक्षा त्या नावाचे अधिक वाईट वाटले.

वास्तविक आम्हांला फसावयाचे कारण नव्हते. जन्मभर महसुलाची दप्तरे तपासली. जुन्या नोंदवहीत एखादे पान फारच स्वच्छ दिसले की संशय घ्यावा, हे आम्हीच कनिष्ठांना शिकवीत असू. दुसऱ्या वेळी आम्ही ते धोरण ठेवले. घेतले ते ६३०९. पाठीवरचा यंत्राचा आणि डबीचा क्रमांक वाचला. अनुक्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो, दुसरा महिन्याचा. आमच्या घड्याळाचे पहिले दोन अंक २ आणि ७. हे यंत्र बनले त्या अवधीत २ ने संपणारे वर्ष एकच, १९८२, महिना जुलै. आम्ही नोकरीस लागलो तेच वर्ष. तबकडीवरचे ठिपके पिवळट झालेले, काट्यांवरचेही तसेच. दोन्ही एकाच वयाचे दिसणे महत्त्वाचे. डबीच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या नव्हत्या. किल्लीचे आटे नीट धरत होते. वार इंग्रजीबरोबर अरबीतही दाखविणारी चकती होती, म्हणजे ते आखाताच्या बाजारासाठी घडलेले. कोणा मजुराच्या घामाचे ते असावे. किंमत आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्म्याहून कमी.

घेणाऱ्यांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. १९६० पूर्वीच्या चमकत्या काट्यांत बहुधा रेडियम असते. चमक विझली तरी ते विझत नाही, त्याचे अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षांचे. असले घड्याळ घरी उघडू नये, त्यावरची भुकटी हुंगू नये. आणि दुसरी: कोणतेही जुने पाणबुडी घड्याळ घेतल्यावर सर्व रबरी कड्या बदलून, दाबाची चाचणी करून घ्यावी, तरीही त्यास पाण्यात नेऊ नये. तबकडीवरचा आकडा त्याच्या तारुण्याचा आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पुन्हा कोपली. नदीकाठच्या आमच्या वसाहतीत वीज गेली, पाणी फाटकातून आत आले. खालचे सामान माडीवर नेऊन आम्ही जिन्यात बसलो. पहिली पायरी बुडाली तेव्हा मनगटावरचे कडे फिरवून त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणला. दुसरी पायरी बुडायला अठ्ठावीस मिनिटे लागली. तिसरीला एक्केचाळीस. चौथी पायरी कोरडीच राहिली. सौभाग्यवती वरून विचारीत होत्या, "वाढतंय का हो?" आणि आम्हांला घड्याळ पाहून उत्तर देता येत होते.

पहाटे पाणी उतरू लागले तेव्हा आम्ही ते घड्याळ काढले, पुसले, आणि वडिलांच्या थांबलेल्या घड्याळाशेजारी कपाटात ठेवले.